खोट्या माशाचा रंग

माझे भावजी एकोजीराव मासे पकडायचे आणि मी ते खायचो. ही वाटणी आम्हा दोघांनाही पसंत होती, त्यामुळे तिच्यावरून कधी तंटा झाला नाही. दर रविवारी पहाटे आम्ही जटक्यात, म्हणजे छपराच्या घोडागाडीत, बसून वेण्णारू नदीच्या काठी जायचो. ते बांधाच्या दरवाजांखाली गळ टाकत उभे राहायचे. मी करंजाच्या झाडाखाली चटई पसरून, गंगाक्काने बांधून दिलेला डबा उघडायची वेळ झाली का, ते बघत बसायचो. गंगाक्का माझी थोरली बहीण, म्हणजे एकोजीरावांची बायको. डबा नवऱ्यासाठी बांधते असं ती म्हणे. पण त्यात दर खेपेला पुळियोदरै असायचं, आणि नवऱ्याला चिंचेचा भात सोसत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकोजीराव पाटबंधारे कचेरीत नकाशे काढत. तरुणपणी त्यांच्यावर एक गोरा इंजिनीयर होता, माशांच्या नादाने खुळावलेला. विलायतेला परत जाताना त्याने आपली काठी, दोरीची फिरकी आणि एक पत्र्याची पेटी भावजींना देऊन टाकली. पेटीत लाकडाचे खोटे मासे होते, बोटाएवढे, रंगवलेले, पोटाखाली गळ लावलेले. पाण्यातून ओढले की ते वळवळत, आणि मोठा मासा फसून त्यांच्यावर तोंड टाकी. गांडूळ नको, बेडूक नको. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, तमिळ मुलखातल्या मराठ्यांच्या वस्तीत, लोक फार हसले. खरा मासा पकडायला खोटा मासा, आणि तोही बाहुलीसारखा नटवलेला!

साहेबाचे रंग इथल्या पाण्यात चालेनात तेव्हा भावजींनी ते खरवडून काढले आणि स्वतःचे लावले. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं. ते त्यांनी मला सांगितलं, जटकेवाल्याला सांगितलं, आणि एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. ते बिचारे शाकाहारी होते.

"पाणी निवळ असेल तर लाजरा रंग होणा, लाजराच हवा. चांदी, फिका निळा, पोपटी. पाणी गढूळ असेल तर निर्लज्ज रंग होणा. काळा, हळदीचा पिवळा, भडक लाल. गढुळात लाजून बसलं तर बघणार कोण?"

हे शास्त्र खऱ्या अर्थाने शिकलं एकच माणूस, त्यांची मुलगी विशालाक्षी. आम्ही तिला विशा म्हणतो. लहान असताना ती रंग खलून द्यायची. पुढे बारीक कुंचल्याने खवले काढू लागली. तिचा हात बापापेक्षा चांगला होता. हे भावजी चारचौघांत अभिमानाने सांगायचे, आणि तिच्यादेखत मात्र खवले वाकडे आले म्हणून कुरकुरायचे. तीही ऐकून घेणारी नव्हती. "तुमचा मासा बघून माशीपण येणार नाही, अप्पा," असं सांगून मोकळी व्हायची. रविवारी सकाळी पेटी उघडून आज कुठला रंग, यावर बापलेकीचं जे भांडण चाले, ते ऐकायला शेजारचे लोक ओसरीवर येऊन बसत.

अशात विशा शाळेतून पहिली आली. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. मद्रासेत शिक्षिका तयार करणारी एक शाळा आहे, दिवाळीनंतर तिचा वर्ग सुरू होतो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिकडे जाणारच आहे, तर मुलीला माझ्यासोबत धाडा, असं त्या म्हणाल्या. विशाचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. इतकी वर्षं तिला ओळखतो, पण एखाद्या गोष्टीसाठी तिने जीव असा डोळ्यांत आणलेला मी कधी पाहिला नव्हता.

भावजी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. ते हसले आणि म्हणाले, "सेरी, ठीक आहे. ज्या दिवशी पाट्टी माझ्या गळाला लागेल, त्या दिवशी जा."

पाट्टी म्हणजे तमिळीत आजी. वेण्णारूच्या दरवाजांखाली एक जुनी विराल होती, देशाकडचे लोक जिला मरळ म्हणतात ती. हाताएवढी लांब, काळीशार. कित्येकांच्या दोऱ्या तिने तोडल्या होत्या आणि भावजींचे दोन आवडते खोटे मासे तोंडात घेऊन ती पसार झाली होती. ती पकडणं म्हणजे न घडणारी गोष्ट, असंच सगळे धरून चालत. म्हणून आम्ही सगळे हसलो. मोठ्या बाईही कशाबशा हसल्या. विशा तेवढी हसली नाही. ती उठली, आत गेली आणि रंगांचा डबा घेऊन बाहेर आली.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. पोरगी आठवडाभर मासे रंगवायची. तिने बेडकाच्या पाठीचा हिरवा केला, जांभळाचा जांभळा केला, रेशमी साडीच्या काठातली जर वितळवून सोनेरी करता येईल का म्हणून गंगाक्काची पेटी उघडली आणि ओरडा खाल्ला. रविवारी ती सगळे मासे पाटावर मांडायची आणि भावजी त्यांतला एक उचलायचे.

आता मला रंगांतलं काही कळत नाही. मला माशाचा एकच रंग कळतो, तव्यावर येतो तो. पण तेच शास्त्र वर्षानुवर्षं कानावर पडलं तर आळशी माणसालाही पाठ होतं. आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, वेण्णारू लाल चिखलाने भरून वाहत होती तेव्हा भावजींनी फिका निळा मासा उचलला. पुढे एका रविवारी पाणी इतकं निवळ होतं की तळाचे शिंपले दिसत होते, तेव्हा त्यांनी काळाकुट्ट लावला. विशा तोंड उघडायला गेली की ते म्हणत, "तुला काय ठाऊक? आज पाट्टीची तब्येत वेगळी आहे." पाट्टी काही लागत नव्हती. भावजी मान हलवत परत यायचे, आणि त्यांच्याइतका खुशीत रिकाम्या हाताने परतणारा कोळी मी दुसरा पाहिलेला नाही. मधल्यामध्ये उपास मला घडत होता.

एकदा परतताना मी जटक्यात म्हणालो, "भावजी, गढुळात लाजरा रंग? शास्त्र बदललं का?"

"तू डबा सांभाळ," ते म्हणाले.

मग नवरात्र आलं. विशाने त्यासाठी एक खास मासा तयार केला होता. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विनाचा, पाऊस सुरू झाला होता, नदी पुन्हा गढुळली होती. म्हणून पाठीला दिव्याच्या काजळीचा काळा, पोटाला हळदीचा पिवळा आणि गळ्याखाली लालभडक पट्टा. त्यावर चंद्रसाच्या रोगणाचा हात देऊन तिने तो खिडकीत वाळत ठेवला. गळ आणि दोरी बांधायची कडी अजून लावायची होती.

त्याच दुपारी गंगाक्का कोलू मांडत होती. नवरात्रात पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला आमच्याकडे कोलू म्हणतात, आणि गंगाक्काच्या कोलूला अख्खी गल्ली येते. तिच्या दशावतारातला मत्स्य आदल्या वर्षी मांजराने पाडून फोडला होता. नऊच अवतार कसे मांडायचे या विवंचनेत ती होती. आणि वळून पाहते तर खिडकीत मत्स्य हजर! सुबक, टवटवीत, डोळे मोठे, गळ्यात लाल पट्टा. तिला वाटलं, पोरीने आईसाठीच केला. तिने तो उचलला, कूर्माच्या शेजारी बसवला, हळदकुंकू वाहिलं, कलश ठेवला आणि दिवा लावला.

विशा देवळातून परत आली तेव्हा सगळं पार पडलं होतं.

"अम्मा, तो अप्पांचा खोटा मासा आहे!"

"खोटा कसाला म्हणते? नारायण तो."

"मला होणा तो. रविवारी."

"दसमीपर्यंत कोलूतली बाहुली हलवत नाहीत," गंगाक्का म्हणाली. "ठाऊक नाही तुला?"

विशाने बापाकडे पाहिलं. आणि इथे आमच्या भावजींनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. जन्मात ज्यांनी एकादशी पाळली नाही, जे सत्यनारायणाच्या पूजेत प्रसादाच्या वेळी उगवायचे, त्यांनी कोलूपुढे हात जोडले. "चुक चुक, असं करू नये. देव बसला एकदा. त्याला पाण्यात फेकायचं म्हणते? पाप लागेल," असं म्हणून त्यांनी गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या. मी एवढा हसलो की गंगाक्काने मला सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, द्यायचं नाकारलं.

मग विशाने दुसरा मासा रंगवायला घेतला तर लाल संपला होता. भावजी आणायला गेले आणि दुकान बंद होतं म्हणून परत आले. ते दुकान मी येताना उघडं पाहिलं होतं. मधला रविवार चांदीच्या माशावर वाया गेला. नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला बसतं आणि कोणी त्याला हात लावत नाही. भावजींनी नकाशाच्या पट्ट्या, दौती तर मांडल्याच, पण मासे पकडायची काठीही अंघोळ घालून, गंध लावून, फुलांची माळ घालून स्वतः नेऊन ठेवली. एवढ्या भक्तीने त्यांनी आजवर कशाला हात लावला नव्हता. विशा दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी ती बापाला काही टोचून बोलली नाही, आणि मला ते आवडलं नाही. मोठ्या बाईंची गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. हाती एकच दिवस राहिला होता.

दसऱ्याला सकाळी गंगाक्काने कोलू हलवला. मत्स्य खाली उतरला तो ओळखू येईना. नऊ दिवस येणाऱ्या प्रत्येक बाईने त्याला कुंकू लावलं होतं. गंधाचे थर होते, हळद होती, तुपाच्या दिव्याची काजळी होती, आणि कुणा हौशी मामीने त्याच्या शेपटीला जिगाची टिकलीसुद्धा चिकटवली होती. विशा धुवायला निघाली तर गंगाक्का आडवी आली. देवाचं कुंकू धुवायचं नाही.

"हा मासा नाही, नवरदेव आहे," भावजी म्हणाले. "आज कसाला नदीला? आज सीमोल्लंघन. मराठ्याने आज गावाची सीमा ओलांडायची, सोनं लुटायचं. माशांचा दिवस नाही."

"वेण्णारू सीमेबाहेरच आहे, भावजी," मी म्हणालो. "ओलांडू या की."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दिवाळीचं निमंत्रण गेलंच, असं मी समजलो. पण जटका दारात उभा होता. तो मीच बोलावला होता. विशा आधीच जाऊन आत बसली होती आणि मांडीवर तो नवरदेव घेऊन त्याला कडी आणि गळ लावत होती.

नदी चहाच्या रंगाची झाली होती. दरवाजांखाली पाणी गरगरत होतं, कडेला शेवाळ साचलं होतं. भावजींनी पेटी उघडली आणि सावकाश, सहज हात लागल्यासारखा चांदीचा मासा उचलला.

"अप्पा," विशा म्हणाली. "गढुळात लाजून बसलं तर बघणार कोण?"

भावजी दोरी चाचपत राहिले.

"तुम्हीच सांगितलं ना ते? मला अस्की, सगळं सगळं, तुम्हीच शिकवलं. मग पाणी निवळ असलं की काळा, आणि गढूळ असलं की चांदी, असं कसाला करतात तुम्ही? मला कळत नाही असं वाटलं? मला पहिल्याच रविवारी कळलं. मी वाट बघत होते, आज बरोबर उचलतील, उद्या उचलतील म्हणून." तिचा आवाज कापत होता. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मी राहीन. पण असं खेळवू नका मला."

मी डबा खाली ठेवला. माझ्यासारख्या माणसाने डबा खाली ठेवला, यावरून काय समजायचं ते समजा.

भावजींनी हातातला चांदीचा मासा उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "तू गेलीस तर घरात माझ्याशी भांडणार कोण, विशा? तुझी अम्मा भांडत नाही, ती चुम्मा निकाल सांगते, फक्त निकाल. हा तुझा मामा रंगा नुसता खातो. नाही म्हणायला जीभ वळेना आणि जा म्हणायला जीव होईना. म्हणून पाट्टीवर घातलं. म्हातारीने सांभाळून घेतलं इतके दिवस."

विशा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला. हातात तो कुंकवाने माखलेला, टिकली लावलेला मासा होता. भावजींनी चांदीचा पेटीत परत ठेवला, तो घेतला, दोरीला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग काठी मागे नेऊन मासा नेमका शेवाळाच्या कडेला टाकला आणि हलके हलके ओढू लागले. इतक्या महिन्यांत त्यांचा असा नीट पडलेला गळ मी पाहिला नव्हता. म्हणजे गळ टाकण्यातही चोरी होत होती तर!

तिसऱ्या की चौथ्या खेपेला पाणी फुटलं. काठी वाकली, फिरकी किंचाळली आणि जटक्याचा घोडा बुजला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी उठून उगाचच इकडून तिकडे धावत होतो. पाट्टी दरवाजाच्या खांबाकडे धावली, तिथून वळवली तर तळाला बसली, तिथून उठवली तर शेवाळात शिरू लागली. भावजींचा अंगरखा घामाने भिजला. विशा जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली होती.

शेवटी ती वर आली. दमलेली, कडेला लागलेली, जबड्यात लाल पिवळं काहीतरी चमकत असलेली. आणि तिथे भावजींचा हात थांबला.

मी पाहिलं, विशानेही पाहिलं. दोरी जराशी सैल सोडली असती तर मान झटकून पाट्टी निघून गेली असती. तिने पूर्वी तेच केलं होतं. कोणी काही म्हटलं नसतं. सुटली बिचाऱ्यांची, एवढंच म्हटलं असतं. विशा जाळं धरून तशीच उभी राहिली, तिने बापाला ओढा म्हटलं नाही. मी म्हणणार होतो, पण धावपळीने मला धाप लागली होती. भावजी माशाकडे बघतच नव्हते. ते पोरीकडे बघत होते, पाण्यात उभ्या असलेल्या, परकर भिजलेल्या, हाताला रंग लागलेल्या.

मग त्यांनी दात आवळले आणि फिरकी फिरवली. पाट्टी जाळ्यात आली.

काठावर ती पडली तेव्हा तिच्या लांबीकडे पाहून जटकेवाल्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं की भावजी नाचतील, निदान मला दोन शिव्या तरी देतील. ते चिखलात बसले आणि म्हणाले, "उद्या मोठ्या बाईंची गाडी किती वाजता?"

इतके महिने मी पोरीच्या बाजूने भांडलो होतो, तिच्यासाठी जटकाही बोलावला होता. पण हा प्रश्न आला तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं की गाडी नाही, बंद झाली म्हणून ऐकलं. विशाच म्हणाली, "सकाळी, अप्पा."

"मग घरी चल. अम्माला वाटेसाठी मुरुक्कू तळायला वेळ होणा." ते उठले नाहीत. गळ काढायला त्यांनी माशाच्या तोंडाशी हात नेला आणि तसाच धरून ठेवला. "आणि हे बघ. कोणी विचारलं तर हट्ट करून आले म्हणून सांगू नकोस. मद्रासेत लोक विचारतील, इतक्या लांब पोरीला कसं सोडलं म्हणून. तर सांग, अप्पांनी स्वतः धाडलं. सांगशील?"

"सांगते," विशा म्हणाली, आणि मद्रासेला जायचं म्हणून महिनोन्महिने हटून बसलेली ती पोरगी नदीकाठी भोकाड पसरून रडायला लागली. भावजींनी खांद्यावरच्या अंगवस्त्राने तिचं तोंड पुसलं. त्या अंगवस्त्राला माशाचा असा वास येत होता की मी दोन पावलं मागे सरलो. विशाने त्यातच तोंड खुपसलं.